नोंद आहे, पण सापडत नाही : अकारविल्हे क्रम आणि एका अपडेटची गोष्ट



अकारविल्हे क्रम हा घटक आपण सगळेच घेतो. फळ्यावर दहा शब्द लिहायचे, मुलांनी ते क्रमाने लावायचे, बरोबर-चूक करायचं, झालं. मीही दहा-बारा वर्षं असंच शिकवलं. गेल्या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली आणि त्यानंतर हा घटक मी वेगळ्या पद्धतीने घ्यायला लागले. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मध्ये कॉम्प्युटरचा भाग येतो, पण जमिनीवर सात पत्ते मांडले की तो कुणालाही कळेल.

प्रवेशाचे दिवस होते. प्राथमिक शाळेत क्लार्क नसतो हे तुम्हाला माहीतच आहे, जनरल रजिस्टर आम्हीच बघतो. आपट्याच्या बाजूने एक गृहस्थ आले. मुलीच्या जात पडताळणीसाठी त्यांना स्वतःचा निर्गम उतारा हवा होता. शाळा सोडल्याचं साल त्यांना नक्की आठवत नव्हतं, रजिस्टर नंबर तर नाहीच. अशा वेळी आमच्याकडे एक लांबडी वही आहे. पूर्वीच्या एका गुरुजींनी सगळ्या जुन्या रजिस्टरांमधली नावं अकारविल्हे लावून ठेवली आहेत, प्रत्येक नावापुढे रजिस्टर आणि पान. फार उपयोगाची वही. नाव सापडलं की दोन मिनिटांत उतारा.

गृहस्थांचं नाव ज्ञानेश्वर. मी सरळ वहीचं शेवटचं पान उघडलं. ह ची नावं होती, हरिश्चंद्र, हिराबाई, आणि त्याखाली कोरं. एकदा उलटसुलट बघितलं आणि म्हटलं, "दादा, या नावाची नोंद दिसत नाही."

"बाई, चौथीपर्यंत इथंच होतो मी."

"नोंदच नसेल तर उतारा कुठून देऊ?"

हे वाक्य माझंच आहे, म्हणून लिहिते. ते काही बोलले नाहीत, पिशवी उचलून गेले.

चार दिवसांनी एका जनार्दनचं नाव शोधताना तीच वही ज वर उघडली. जयवंत, जानकी, जिजाबाई, पुढे जोमा, आणि ज्योतीच्या बरोबर वर ज्ञानेश्वर. रजिस्टर, पान, सगळं व्यवस्थित. गुरुजींनी ज्ञ हा ज् आणि ञ यांचा जोड म्हणून ज मध्ये लावला होता. मी मात्र पहिलीत पाठ केलेल्या क्रमाने, म्हणजे ह, ळ, क्ष, ज्ञ असं शेवटी शोधलं. गुरुजींचं चुकलं नव्हतं. आपट्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश उघडून बघा, क्ष तुम्हाला क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये मिळेल. आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात तेच दोघे सगळ्यात शेवटी. दोन्ही क्रम बरोबरच आहेत. लावताना एक वापरला आणि शोधताना दुसरा, तिथे घोटाळा झाला.

फोन करून त्यांना बोलावलं आणि उतारा दिला. मधल्या काळात ते तालुक्याला दोन खेपा मारून आले होते, तेवढ्या दिवसांची रोजंदारी बुडाली ती बुडालीच.

हा किस्सा मी पालकसभेत सांगितला. उद्देश एवढाच की प्रवेश अर्जावर मुलाचं नाव सुवाच्य लिहा. सभा संपल्यावर एक पालक थांबले. ते नवी मुंबईत एका ऑफिसात डेटाबेसचं काम बघतात, रोज पनवेलहून लोकलने जातात. म्हणाले, "मॅडम, तुमच्या वहीला जे झालं, अगदी तेच आमच्या सर्व्हरला झालं होतं. फक्त आम्हाला कळायला आठवडा लागला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी दोन बैठकांमध्ये नीट समजून घेतलं. आधी दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

डेटाबेस म्हणजे त्यांच्या भाषेत रजिस्टर. लाखो नोंदी, ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने. आणि त्याच्या बाजूला इंडेक्स, म्हणजे आमच्या गुरुजींची वही. इंडेक्स क्रमाने लावलेला असतो म्हणून शोध पटकन लागतो. मधलं पान उघडायचं, हवं ते नाव त्याच्या आधी की नंतर ते ठरवायचं, अर्धी वही सोडून द्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. हजार नावांत दहा वेळा उघडून काम होतं, दहा लाखांत फक्त वीस वेळा. (हे गणित सातवीच्या मुलांना करायला द्या, त्यांचा विश्वास बसत नाही.) खऱ्या डेटाबेसमध्ये याच कल्पनेची जरा मोठी रचना असते, पण तत्त्व हेच.

दुसरा शब्द लायब्ररी. ही पुस्तकांची नव्हे. वारंवार लागणारी कामं कुणीतरी एकदाच लिहून ठेवतं आणि बाकीचे प्रोग्राम ती तिच्याकडून करून घेतात. लिनक्सवर अशी एक अगदी पायातली लायब्ररी आहे, जीलिबसी. 'या दोन शब्दांत आधी कोणता?' हा प्रश्नही तिलाच विचारला जातो. पोस्टग्रेस हा प्रसिद्ध मोफत डेटाबेस, तोही स्वतःचा शब्दक्रम ठरवत न बसता सहसा तिलाच विचारायचा.

तर १ ऑगस्ट २०१८ ला जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात हा क्रमाचा तक्ता बदलला. कारण चांगलंच होतं. अक्षरक्रमासाठी आयएसओ १४६५१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीशी तक्ता जुळवून घेतला. बदलात एक बारीक गोष्ट होती. पूर्वी इंग्रजीसारख्या भाषांच्या क्रमात मधली रेघ, म्हणजे हायफन, पहिल्या फेरीत मोजायचेच नाहीत. १-१ आणि ११ हे आधी सारखेच धरायचे, बरोबरी झाली तरच रेघेकडे बघायचं. नव्या तक्त्यात रेघ हे एक अक्षरच झालं आणि तिला अंकांच्या आधी जागा मिळाली.

वाचायला किती क्षुल्लक वाटतं! आता पत्ते घ्या.

समजा वर्गातल्या पुस्तकांना दोन प्रकारचे नंबर आहेत. जुने साधे, ११, १२, १३, १४. आणि कपाटानुसार नवे, १-१, १-२, १-३. जुन्या नियमाने सात पत्ते असे लागतात :

११, १-१, १२, १-२, १३, १-३, १४

पत्ते जमिनीवर उलटे ठेवा. आता एका मुलाला नवा नियम सांगा, रेघ अंकाच्या आधी, आणि १२ शोधायला लावा. तो मधला पत्ता उघडतो, १-२. नव्या नियमाने १२ हा १-२ च्या नंतर येतो, म्हणून डावी बाजू सोडून तो उजवीकडे जातो. उरलेल्या तिघांतला मधला, १-३. १२ त्याच्याही नंतर. पुन्हा उजवीकडे, १४. आता १२ हवा १४ च्या आधी, पण तिथे काहीच उरलं नाही. "बाई, १२ नंबर नाहीये." आणि १२ तर डावीकडून तिसऱ्या जागी पडलेला आहे!

पुढची गंमत बघा. ११ आणि १३ पण सापडत नाहीत. १४ सापडतो. आणि ज्यांच्यात ती भांडखोर रेघ आहे ते १-१, १-२, १-३ तिघेही व्यवस्थित सापडतात. म्हणजे दोष रेघेचा असून हरवतात रेघ नसलेले. असा बिघाड बाहेरून बघणाऱ्याला किती फसवत असेल, याचा अंदाज आमच्या चौथीच्या मुलांना दहा मिनिटांत आला.

शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. '१२ नाही' असं ठरल्यावर मुलगा काय करेल? नवा १२ लिहील आणि जिथे शोध थांबला तिथे, १-३ आणि १४ च्या मध्ये, ठेवून देईल. आता दोन १२ आहेत. एकच नंबर दोनदा येऊ नये असा नियम असला तरी उपयोग नाही, कारण तो नियम तपासणाराही आधी शोधूनच बघतो, आणि त्याला पहिला १२ दिसत नाही.

त्या पालकांच्या ऑफिसात हेच झालं. शुक्रवारी रात्री सर्व्हरची लिनक्स डेबियन ९ वरून डेबियन १० वर नेली. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवली, डेटाच्या डिस्कला हातही लावला नाही. 'डेटा जसाच्या तसा आहे' म्हणून सगळे निर्धास्त. सोमवारी गोदामातून फोन, "माल माझ्या समोर आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो असा कोडच नाही." दुपारपर्यंत असे बरेच फोन. आणि गोदामातल्या माणसांनी तेच केलं जे कुणीही करेल. माल नवा समजून कोड पुन्हा भरला. कॉम्प्युटरने तो निमूट घेतलासुद्धा.

शोध कसा घेतला ते मी खोदून विचारलं, कारण माझ्या कामाचा भाग तोच होता. पहिला संशय स्वतःच्याच प्रोग्रामवर. आदल्या आठवड्यात त्यात एक बदल केला होता, तो मागे घेतला. काही फरक नाही. मग वाटलं कोडच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल. तसंही नव्हतं. मग डिस्क खराब झाली का, त्यात एक अख्खा दिवस गेला. डिस्क ठणठणीत.

धागा मिळाला तो एका ज्युनिअर मुलीमुळे. तिने सहज सांगितलं की पूर्ण कोड टाकून शोधलं तर नाही म्हणतो, पण कोडचा मधला तुकडा टाकून 'यात कुठेही हे असेल ते दाखव' असं विचारलं की दाखवतो. आता विचार करा, असं का होईल? मधल्या तुकड्यावरून अकारविल्हे वहीत शोधता येत नाही. 'नेश्व' असलेलं नाव शोध म्हटलं तर मला सगळी रजिस्टरं पहिल्या पानापासून वाचावी लागतील. डेटाबेसचंही तसंच, तो इंडेक्स सोडून सगळ्या नोंदी वाचत जातो. म्हणजे नोंदी शाबूत होत्या. बिघाड वहीत होता.

खात्री करायला त्यांनी डेटाबेसला सांगितलं की थोडा वेळ इंडेक्स वापरूच नकोस. हरवलेले सगळे कोड हजर! मग चाचणीसाठी घेतलेल्या प्रतीवर इंडेक्स नव्याने बांधून बघितला, तिथेही प्रश्न सुटला.

खरं तर इथे थांबता आलं असतं. बरेच जण थांबले असते. ते म्हणाले, "मॅडम, पण इंडेक्स आपोआप का बिघडेल? आम्ही तर त्याला हातच लावला नव्हता." वर्गात उत्तर बरोबर आलं की 'कसं काढलंस?' विचारायचा मला अनेकदा कंटाळा येतो, हे इथे कबूल करून टाकते.

मग त्यांनी हरवलेल्या कोडांची यादी काढून समोर ठेवली. प्रत्येक हरवलेल्या कोडच्या आसपास, त्याच्याशी मिळताजुळता, मधे रेघ असलेला एखादा कोड होताच. आणि मग अगदी छोटी परीक्षा. दोन ओळींची फाइल, एकीत ११, दुसरीत १-१. ती क्रमाने लावायला जुन्या लिनक्सच्या मशीनला सांगितलं, उत्तर आलं ११, १-१. नव्या मशीनला सांगितलं, उत्तर १-१, ११. आठवडाभराच्या धावपळीचं कारण त्या दोन ओळींत होतं. डेटा बदलला नव्हता, त्यांचा प्रोग्राम बदलला नव्हता, पोस्टग्रेसही तोच होता. खालची लायब्ररी अपडेटबरोबर बदलली आणि तिच्यासोबत 'आधी कोण?' या प्रश्नाचं उत्तर बदललं. वही जुन्या क्रमाने लावलेली, शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा.

ही दोन ओळींची परीक्षा त्यांचा शोध नव्हे हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. जगभरात अनेकांना हा फटका बसला होता आणि पोस्टग्रेसच्या मंडळींनी हीच तपासणी आपल्या माहितीपानावर देऊन ठेवली आहे. मे २०१९ मध्ये रेड हॅटची ८ वी आवृत्ती आली, जुलै २०१९ मध्ये डेबियन १०, एप्रिल २०२० मध्ये उबुंटू २०.०४. जुन्या आवृत्तीवरून यांच्यावर येणारा प्रत्येक जण ही सीमा ओलांडत होता. काही ठिकाणी तर मुख्य सर्व्हर जुना आणि त्याची जशीच्या तशी राखीव प्रत नव्या लिनक्सवर, म्हणजे मूळ ठीक आणि प्रत चुकीची उत्तरं देणारी. ज्यांनी मात्र सगळा डेटा बाहेर काढून नव्या मशीनवर परत भरला त्यांना काहीच झालं नाही, कारण भरताना वहीच नव्याने, नव्या क्रमाने लिहिली गेली.

दुरुस्तीबद्दल थोडंच लिहिते. रीइंडेक्स नावाची आज्ञा आहे, तिने वही पुन्हा लिहिली जाते. पण दोन-दोन १२ झाले असतील तर ती आज्ञा अडून बसते, आधी दुबार नोंदी मिटवा म्हणते, आणि बरोबरच म्हणते. त्यांचे इंडेक्स एका रात्रीत झाले. दुबार नोंदींना तीन आठवडे लागले. एका मालाची आवक पहिल्या नोंदीवर आणि जावक दुसऱ्या नोंदीवर, असा हिशोब कुठलीही आज्ञा सोडवत नाही. माणसं बसून एकेक कागद बघत होती. इंडेक्सचा क्रम शाबूत आहे का हे तपासायला पोस्टग्रेसमध्ये एएमचेक नावाचं साधन आहे, आता ते प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर आधी ते चालवतात. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस स्वतःच लिहून ठेवतो की आपण क्रमाच्या कोणत्या आवृत्तीवर बांधलो गेलो, आणि खालची आवृत्ती वेगळी दिसली तर इशारा देतो.

आता आपल्या मराठीकडे. हे सगळं रेघेमुळे झालं, पण आपल्याकडे रेघेची गरजच नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. देवनागरीचे हे क्रमांक युनिकोडने १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतले, आणि तिथे ळ आहे ल च्या शेजारी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. ॲ ची तर वेगळीच कथा. ॲ आणि ऑ यांना शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत स्वरांमध्ये रीतसर जागा दिली. पण युनिकोडमध्ये ॲ दाखल झाला २००८ मध्ये, तेव्हा स्वरांच्या रांगेत जागा शिल्लक नव्हती, म्हणून त्याला मिळालेला क्रमांक ह च्या कितीतरी पुढचा आहे. एखादा प्रोग्राम नुसत्या क्रमांकांवरून यादी लावत असेल तर 'ॲप' हा शब्द 'हत्ती'च्या खाली जातो. दुसरा प्रोग्राम मराठीचा क्रम जाणत असेल तर तो वर येतो. वर्गयादी एकात लावून दुसऱ्यात डोळ्यांनी शोधताना कुणी सापडलं नाही तर हे आठवा.

वर्गात मी आता हा घटक असा घेते. सात शब्दपत्ते : कमळ, घर, ज्ञान, झाड, दार, मासा, हत्ती. गुरुजींच्या क्रमाने लावलेले, उलटे ठेवलेले. पहिल्या गटाला नियम सांगते की ज्ञ हा ज मध्ये. तो गट दोन पत्त्यांत घराशी पोचतो आणि तिसऱ्यात ज्ञान उघडतो. दुसऱ्या गटाला सांगते की ज्ञ शेवटी. ते झाड उघडतात, मासा उघडतात, हत्ती उघडतात आणि छातीठोकपणे सांगतात, नाही. मग सगळे पत्ते सुलटे करते. दोन्ही गट भांडायला लागतात की बरोबर कोण. पाच मिनिटं भांडू द्या, मध्ये पडू नका. यंदा भांडण एका मुलीने मिटवलं. ती म्हणाली, "बाई, पत्ते लावले कुणी, त्याला विचारा ना."

पत्ते वर्तमानपत्राच्या पुठ्ठ्याचे केले तरी चालतात, पण सगळ्यांची पाठ सारखी हवी, नाहीतर मुलं पाठीवरूनच ओळखतात. अंकांचे सात पत्ते पाचवीच्या पुढे घ्या, चौथीला रेघेचा नियम जड जातो.

आणि गुरुजींच्या त्या वहीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलं आहे : 'क्ष हा क मध्ये, ज्ञ हा ज मध्ये, ळ हा ह नंतर.' खाली तारीख. ळ ने सुरू होणारं नाव त्या वहीत एकही नाही, तरी लिहिलं.